टोकेकर मास्तरांचं सिन्स आणि फॉर

टोकेकर मास्तरांना ‘बराच वेळ झाला का येऊन?’ असं विचारायचं नसतं, हे आमच्या गल्लीतल्या गाईलासुद्धा ठाऊक होतं. विचारलं की मास्तर छत्री बगलेत मारायचे, डावा डोळा बारीक करायचे, श्वास आत ओढायचे आणि म्हणायचे, “थांबा. खुंटा की दोर?”

नवा माणूस गोंधळायचा. त्याला वाटायचं, ह्यांची म्हैस सुटलीय.

म्हैसबिस काही नव्हती. मास्तरांच्या डोक्यात जन्मभर दोनच इंग्रजी शब्द बांधलेले होते, सिन्स आणि फॉर. तीसेक वर्षं त्यांनी बनारसच्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं. आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा ते रिटायर झाले होते. म्हणजे शाळेपुरते. आता अख्खं शहर त्यांच्या वर्गात होतं.

माझे वडील रेल्वेत. त्यांची बदली झाली आणि आम्ही भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत, मास्तरांच्या शेजारच्या बिऱ्हाडात आलो. तोवर माझं शिक्षण एका जंक्शनच्या गावात झालं होतं. तिथले इंग्रजीचे मास्तर गार्डची शिट्टी ऐकून तास सोडायचे. त्यामुळे इंटरला मी इंग्रजीत आपटलो, आणि वडिलांनी मला कानाला धरून शेजारी नेऊन उभं केलं.

“किती दिवस झाले रे नापास होऊन?” मास्तरांनी विचारलं.

“दोन हप्त्यापासून नापास आहे,” मी म्हणालो.

मास्तरांनी डोळे मिटले. आतून काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला, “गेलं पोरगं!”

दुसऱ्या दिवशी पहाटे घाटावर तास. मास्तरांनी छत्रीने पायरीत रोवलेल्या एका खुंट्याकडे बोट दाखवलं. त्याला नाव बांधलेली होती.

“तो खुंटा म्हणजे सिन्स. नाव कुठे बांधली, कधीपासून बांधली, ती जागा. सिन्स मंडे, सिन्स मॉर्निंग, सिन्स माय मॅरेज. आणि हा दोर म्हणजे फॉर. लांबी. फॉर टू डेज, फॉर टेन इयर्स. खुंट्याला लांबी नसते आणि दोराला जागा नसते. कळलं?”

“कळलं.”

“नाही कळलं. ज्याला कळतं तो इतक्या लवकर हो म्हणत नाही.”

मग मास्तर खुलायचे. सिन्स हा हरहुन्नरी गडी, म्हणायचे. नामाच्या आधी उभा राहतो, दोन वाक्यं जोडतो, ‘कारण’ म्हणूनही राबतो, आणि वेळ आली तर वाक्याच्या शेवटी एकटाच उभा राहतो. ‘तो गेला, अँड आय हॅव नॉट सीन हिम सिन्स.’ फॉरसुद्धा कधीमधी ‘कारण’ होतो, पण फक्त जुन्या पुस्तकांत, सोवळं नेसून. आणि फॉरला एकटं राहता येत नाही. पुढे कुणीतरी लागतंच.

मी जंक्शनचा असलो तरी चुणचुणीत होतो. “मग मास्तर, ‘व्हॉट आर यू वेटिंग फॉर?’ ह्यात फॉर एकटाच आहे की शेवटी.”

मास्तर थांबले. नदीकडे बघितलं. छत्री ह्या बगलेतून त्या बगलेत गेली.

“तो फॉर वेगळा,” ते म्हणाले. “तो ह्याचा चुलतभाऊ.” आणि मग कितीतरी वेळ स्वतःशीच हसत होते. त्या दिवसापासून मी त्यांचा आवडता झालो.

त्यांचं खरं दुखणं इंग्रजी नव्हतंच, मराठी होतं. हिंदीत ‘सुबह से’ आणि ‘दो घंटे से’, दोन्हीकडे एकच ‘से’. एका सदऱ्यात दोन भाऊ. मराठीत आपण ‘सकाळपासून बसलोय’ म्हणतो आणि ‘दोन तास बसलोय’ म्हणतो. म्हणजे मराठी पोराला हे शिकवायला लागूच नये. पण बनारसची मराठी पोरं! आम्ही सर्रास ‘दोन घंट्यापासून’ म्हणायचो. हे ऐकलं की मास्तरांच्या कपाळाची शीर उडायची. “पुण्यात कुणी म्हणेल असं? नागपुरात म्हणेल? पिढ्यान् पिढ्या गंगेचं पाणी प्यालो आणि पाण्याबरोबर तो ‘से’ गिळला!”

वेळकाळ त्यांना नव्हताच. गल्लीतले एक म्हातारे गुरुजी वारले. सगळे भेटायला गेलो. मुलगा डोळे पुसत सांगत होता, “तीन महिन्यापासून अंथरुणावर होते.”

मास्तर अगदी हळू म्हणाले, “तीन महिने.”

“हो ना. तीन महिन्यापासून.”

“तीन महिने अंथरुणावर होते. ‘पासून’ नको.”

काकूंनी मागून त्यांचा सदरा ओढला. “चला. त्यांना शांतपणे जाऊ द्या.”

मुन्नन नावाचा एक नाववाला होता. मास्तर त्याच्या नावेत बसून रोज पलीकडे जायचे आणि जाता-येता त्याला शिकवायचे. मुन्ननला पूर्ण इंग्रजीत दोनच वाक्यं यायची. “आय हॅव बीन रोइंग सिन्स माय चाइल्डहुड. आय हॅव बीन रोइंग फॉर थर्टी इयर्स.” पण ती अशी खणखणीत की परदेशी पाहुणे चमकून त्याच्याच नावेत चढायचे. मग ते नदीबद्दल, चितांबद्दल, आत्म्याबद्दल प्रश्न विचारायचे आणि मुन्नन प्रत्येक प्रश्नाला गंभीर चेहऱ्याने ह्या दोनपैकी एक वाक्य द्यायचा. लोक त्याला पोहोचलेला समजून पाया पडायचे.

“गुरु,” मुन्नन मला म्हणायचा, “मास्टर साहब तीसरा वाक्य मत सिखावें, बस. धंदा डूब जाई.”

पण मास्तरांची सगळ्यात पक्की विद्यार्थिनी म्हणजे काकू. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. पोथी वाचण्यापुरती अक्षरं यायची, तेवढीच. पण चाळीस वर्षं ह्या माणसाबरोबर काढल्यावर काय होणार! वरच्या खिडकीतून त्यांचा आवाज यायचा, “अहो, नळाला पाणी नाही, सिन्स सकाळ!” भाजीवालीशी भांडायच्या, “ई बैंगन कब का है? फॉर चार दिन का लगता है.”

दोघांचं भांडण ऐकायला मी मुद्दाम गच्चीत अभ्यासाला बसायचो. काकू टिपेला जाऊन म्हणायच्या, “फॉर चाळीस वर्षं ऐकतेय मी तुमचं हे!” आणि मास्तर एकदम खाली यायचे. “बरोबर! फॉर! अगदी बरोबर!” भांडण कशावरून होतं ते त्यांच्या लक्षातच राहायचं नाही. काकूंच्या मात्र राहायचं. त्या तिथूनच पुढे सुरू करायच्या. मूलबाळ नव्हतं. दिवसभर हा असा दोघांचा आवाज त्या घरातून यायचा. माझी आई म्हणायची, रेडिओ कशाला हवा, शेजार आहे की.

आता माझी कला सांगतो. मला कुणाचाही आवाज काढता यायचा. स्टेशनमास्तर, बूट पॉलिशवाला, माझे वडील (ते घरी नसताना). मास्तरांचा तर इतका हुबेहूब, की मी जिन्यातून “खुंटा की दोर?” म्हटलं की काकू आतून म्हणायच्या, “आलात? छत्री बाहेर ठेवा.”

मराठी मंडळाच्या गणपतीत मी नकलांचा कार्यक्रम केला. मास्तर पहिल्या रांगेत असतील हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पडदा वर गेला, ते दिसले. पण तोंडातून मास्तर निघायला लागले होते, ते आता परत कसे घालणार? लोक खुर्च्यांवरून घसरले. काकू पदराने डोळे पुसत होत्या. मास्तर मात्र ढिम्म.

कार्यक्रम संपल्यावर ते मागे आले. मी थेट पायावर वाकलो.

“ऊठ. एक चूक आहे.”

“माफ करा मास्तर…”

“‘सिन्स’ म्हणताना मी श्वास आत घेतो. तू बाहेर सोडलास. म्हण परत.”

तिथे, पडद्यामागे, मी दहा वेळा सिन्स म्हटलं. पुढचा महिनाभर मास्तर मला मास्तर शिकवत होते. “‘फॉर’च्या वेळी मान उजवीकडे. फार नाही. हां. आता मी झालास.”

त्याच वर्षी, थंडीच्या सुरुवातीला, त्यांचा आवाज बसला. आधी आम्ही हसलो. काकूंनी हळद-दूध, ज्येष्ठमध, सगळं केलं. मग डॉक्टर, मग मोठे डॉक्टर, मग घशाचं ऑपरेशन. मास्तर वाचले. आवाज गेला. पुन्हा यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगूनच टाकलं.

मास्तर घरी आले ते काखेत छत्रीच्या जागी पाटी घेऊन. बोलायचं ते पाटीवर लिहायचे. पण तोवर काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पाटीवरचं अक्षर सोडा, पाटी काळी आहे एवढंच त्यांना दिसायचं. म्हणजे एकाला बोलता येईना आणि दुसरीला वाचता येईना. जिथे सकाळी सहाला आवाज सुरू व्हायचा, ते घर गप्प झालं.

त्यांनी एक तोड काढली होती. मास्तर पाटीवर खडूने टकटक करायचे. एक टक म्हणजे हो, दोन टक म्हणजे नाही. आमच्या गच्चीतून ऐकू यायचं. “अहो, आहात का?” टक. “चहा टाकू?” टक. “साखर संपलीय, सांगितलं होतं मी, तुम्ही विसरलात ना?” टक टक. “विसरलात!” टक टक टक टक टक. भांडणसुद्धा त्यात बसेना.

आईने मला विरजण घेऊन पाठवलं. मास्तर पाटीवर भराभरा लिहीत होते आणि काकू शेजारी बसून विचारत होत्या, “काय म्हणताय? काय?” मला बघून मास्तरांनी पाटी माझ्याकडे केली.

“काय लिहिलंय रे, शिऱ्या?”

मी वाचलं, “साखर मी विसरलो नाही. दुकान बंद होतं.” आणि खोड बघा, तोंडातून निघालं ते मास्तरांच्या आवाजात. श्वास आत, मान उजवीकडे, सगळं.

जीभ चावली. मास्तर पाटीकडे बघत होते. काकूंचा हात हवेत थांबला होता.

“परत म्हण,” काकू म्हणाल्या.

मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी पाटीवर टक केलं. एकदा.

मी परत म्हटलं. काकू एकदम फिस्कारल्या, “खोटं! दुकान बंद नव्हतं! मुन्ननच्या नावेत बसला होतात तुम्ही!” आणि मास्तरांचा खडू पाटीवर असा धावायला लागला म्हणता!

तेव्हापासून रोज चार वाजता माझी ड्यूटी. मास्तर लिहायचे, मी बोलायचो, काकू भांडायच्या. मधेमधे मी पदरचंही घालायचो. एकदा मी म्हटलं, “बाई, तुमच्या हातच्या चहाला तोड नाही.” काकू म्हणाल्या, “हे तुझं. हे मला बाई म्हणत नाहीत, आणि चहाला चांगलं तर मुळीच म्हणत नाहीत.” मास्तरांनी पाटीने माझ्या डोक्यात टपली मारली. काकूंनी ती ऐकली आणि हसल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की मोतीबिंदू पिकलाय, थंडी आहे तोवर ऑपरेशन करून घ्या. एक डोळा तरी येईल. उशीर केला तर मग आम्हाला सांगू नका. झालं तर काकूंना पाटी वाचता येणार होती, माझी गरज संपणार होती. नाही झालं तर दोघं जन्मभर माझ्या भरवशावर. आणि मी तर नोकरीचे अर्ज टाकायला लागलो होतो.

काकू म्हणाल्या, “नाही.”

त्यांच्या आईचं असंच ऑपरेशन झालं होतं, आणि थोडं दिसत होतं तेही गेलं होतं.

मास्तरांनी मुद्दे लिहिले. पहिला, दुसरा, तिसरा. आता डॉक्टर शिकलेले असतात. औषधं सुधारलीत. घाटावरच्या अमक्या बुवांना दिसायला लागलं. मी माझी सगळी कला पणाला लावून ते बोललो. असे मास्तर मी गणपतीतसुद्धा काढले नव्हते.

“ह्यांना म्हणावं,” काकू माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, “तुमच्या मुद्द्यांनी मी आजवर एकदा तरी हरलेय का?”

मास्तरांनी लिहिलं, ‘हट्ट सोड.’ मी बोललो.

“नाही सोडत.”

‘कारण सांग.’

काकूंनी दाराकडे तोंड केलं. मग म्हणाल्या, “आत्ता तुम्ही दारातून आलात की उजेडात काळं काहीतरी हलतं. तुमची चाल कळते मला. उजवा खांदा खाली. तेवढं दिसतंय ते राहू द्या. तेही गेलं तर मी काय करू?”

मास्तरांनी लिहायला सुरुवात केली. पुसलं. पुन्हा लिहिलं, सदऱ्याच्या बाहीने पुसलं. तीसेक वर्षं पोरांना शब्द वाटलेला हा माणूस, आणि त्याला एक वाक्य सापडेना. खाली घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं, तेवढाच आवाज. शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली, पाटी माझ्या मांडीवर ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

‘तू माझ्याकडे बघत नाहीस. मला करमत नाही.’

मी श्वास आत घेतला. मान उजवीकडे केली. आणि आवाज येईना. मला मास्तरांचा रागाचा आवाज यायचा, हसण्याचा यायचा, शिकवण्याचा, शिंकण्याचासुद्धा यायचा. पण असं काही बोलताना मी त्यांना कधी ऐकलंच नव्हतं. कुणीच ऐकलं नव्हतं. हा आवाज माझ्याकडे नव्हता.

“अरे वाच की,” काकू म्हणाल्या.

मी वाचलं. माझ्याच आवाजात, चिरका होता तसा. शाळेत धडा वाचतात तसं.

मला वाटलं, आता म्हणणार, हे तुझं.

काकूंनी पदर सारखा केला. खिडकीपाशी जे काळं दिसत होतं, त्याच्याकडे त्या बघत राहिल्या.

“उद्या चतुर्थी आहे,” त्या म्हणाल्या. “परवा जाऊ.”

आठ दिवसांनी पट्टी सुटायची होती. मास्तरांनी मला बरोबर नेलं, बोलायला. दवाखान्याच्या पांढऱ्या खोलीत काकू स्टुलावर ताठ बसल्या होत्या. डॉक्टरांनी पट्टी काढली, डोळा पुसला, आणि जाड भिंगाचा चष्मा त्यांच्या नाकावर ठेवून विचारलं, “माताजी, सामने कौन है?”

काकूंनी डोळा मिटला. पुन्हा उघडला. भिंगामागे तो केवढा मोठा दिसत होता. मास्तर समोर उभे होते. गडबडीत पाटी टांग्यात राहिली होती.

“किती वाळलात हो!” काकू म्हणाल्या.

मास्तरांनी मान हलवली, नाही नाही म्हणून.

सवयीने मी तोंड उघडलं होतं.

“नाही काय? आरशात बघा,” काकू त्यांना म्हणाल्या, आणि मी तोंड मिटलं.